पिशवीच्या तोंडाचं काय?

22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोटारी, टीव्ही आणि विम्याच्या बातम्यांच्या गर्दीत एक छोटी ओळ दबून गेली. सुती आणि तागाच्या पिशव्यांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. दिवाळीच्या खरेदीत कापडी पिशव्या वाटायची टूम तशी दर वर्षीच निघते. आता कराची सवलतही हाताशी आहे. या पिशव्यांवर काय छापायचं, बंद किती लांब ठेवायचे, कापड मांजरपाट की कॅनव्हास, यावर भरपूर बोललं जातं. तोंडाचं नाव मात्र कुणी काढत नाही. वाटपातल्या दहापैकी नऊ पिशव्या वरून सताड उघड्या असतात. कापडी पिशवी प्लास्टिकपुढे हरते त्यात किमतीचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा या उघड्या तोंडाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्लास्टिकच्या पिशवीकडे एकदा नीट पाहा. दोन कान असलेली, बनियनसारखी दिसणारी ही पिशवी स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी घडवली आणि 1965 मध्ये तिचं अमेरिकी पेटंट घेतलं गेलं. तिची खरी करामत त्या कानांत आहे. तेच धरायला लागतात आणि त्यांचीच गाठ मारली की तोंड बंद होतं. चेन नको, बटण नको, नाडी नको. सांगलीच्या मंडईतून भाजी घेऊन एसटीनं तासगावला निघालेल्या बाईला नेमकं हेच हवं असतं. गाडीनं वळण घेतलं की उघड्या पिशवीतले बटाटे सीटखाली पसरतात. मोटारसायकलच्या हँडलला लावलेल्या उघड्या पिशवीत धूळ जाते, पावसाळ्यात पाणी जातं. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ला निघाली, 23 जूनपासून दंड सुरू झाला. इतक्या वर्षांनंतरही आठवडी बाजारात त्या पातळ पिशव्या दिसतात. त्याला लोकांची बेफिकिरी कारण आहेच. पण बदली म्हणून जी वस्तू हातात दिली तिला तोंड मिटताच येत नव्हतं, हेही कारण आहे.

याच मुलखात तोंड मिटणाऱ्या पिशव्यांची कमी कधीच नव्हती. वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी आठवा. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते, त्या वाटेवर पूर्वी खांद्याखांद्याला पडशी असे. तिला दोन्ही टोकांना पोटं आणि तोंड मधोमध. खांद्यावर टाकली की तोंड नेमकं खांद्यावर येतं, आणि दोन्हीकडच्या वजनानं ताणलं जाऊन आपोआप मिटतं. सामान जितकं जास्त तितकी मिठी घट्ट. एकही जादा भाग न लावता केलेली ही रचना मला आजही थक्क करते. पान-सुपारीची चंची वेगळ्या युक्तीनं मिटते. कप्प्यांवर कप्पे दुमडायचे, गुंडाळी करायची आणि वरून दोरीचे वेढे द्यायचे. कमरेचा कसा लांब आणि अरुंद, तो बांधला की पैसे अंगाशी दाबून राहतात.

मग दरबारी पिशवी. सातारचे छत्रपती असोत की सांगली-मिरजेचे पटवर्धन, संस्थानिकांची महत्त्वाची पत्रं किनखाबी खलित्यात जात. खलित्याचं तोंड दोरीनं आवळलेलं असे आणि त्या दोरीवर लाखेची मोहोर. इथे तोंडाला दुहेरी काम होतं. पत्र आत राहिलं पाहिजे, आणि कुणी मधे उघडलं तर ते कळलंही पाहिजे. टपालाच्या थैल्यांची तोंडंही पुढे कित्येक दशकं सुतळी आणि लाखेनंच बंद होत राहिली. आज औषधाच्या बाटलीवरचं कडं तुटतं तेव्हा त्याच विचाराचा नवा अवतार आपण पाहत असतो.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणी वाटते ती बटव्याची दुहेरी नाडी. ती समजून घेण्यासारखी आहे, कारण बहुतेक ठिकाणी ती चुकीची घातली जाते. सोपं पडतं म्हणून शिंपी एकच नाडी ओवतात. एका भोकातून आत, पूर्ण फेरी, त्याच भोकातून बाहेर. ओढली की भोकाजवळचं कापड चुण्या पडून गोळा होतं, समोरची बाजू मात्र ढिलीच राहते. याला कारण घर्षण. दोरी जितकी वळते तितका तिच्यावरचा ताण पुढे पोहोचताना घटत जातो, आणि ही घट बेरजेनं होत नाही, गुणाकारानं होते. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरनं याचं गणित मांडलं. सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर नावाडी खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे देऊन एका हातानं नाव थोपवतो, ती याच गणिताची कृपा. नावाड्याला जे उपकारक तेच एकेरी नाडीला अडसर ठरतं.

दुहेरी नाडीत नेफ्याला समोरासमोर दोन भोकं असतात. पहिली नाडी डाव्या भोकातून शिरते, पूर्ण फेरी मारून डावीकडूनच बाहेर येते. दुसरी तसंच उजवीकडून. दोन्ही बाजूंनी एकदम ओढलं की एकीची ढिली राहणारी बाजू ही दुसरीची घट्ट होणारी बाजू असते, म्हणून तोंड सगळीकडून सारखं आवळतं. पिशवी त्याच नाड्यांना धरून उचलली की आतलं वजन तोंड आणखी घट्ट करतं. म्हणजे धरायचा बंद आणि मिटायची कळ एकच, अगदी त्या प्लास्टिकच्या कानांसारखी. उघडायला गाठ सोडावी लागत नाही. चुण्यांत दोन बोटं घालून फाकवली की नाड्या मागे सरकतात.

मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नाडी गुळगुळीत नायलॉनची असेल तर पिशवी खाली ठेवताच तोंड सैल पडतं, फार खरबरीत असेल तर उघडताना अडते. विणलेली सुती नाडी मधली वाट काढते, फक्त भिजली की फुगते आणि नेफ्यात घट्ट बसते, म्हणून नेफा नाडीच्या दुपटीहून थोडा रुंद हवा. दुसरी गोष्ट नेफ्याच्या वरची झालर. नेफा अगदी काठाला घेतला तर मधे भोक राहतं. काठापासून तीन-चार सेंटिमीटर खाली घेतला तर वरची झालर त्या भोकात दाटून बसते आणि बूच होते.

तिसरी गोष्ट कापडाची जाडी, आणि इथे हिशोब करून पाहावा. तोंडाचा घेर 60 सेंटिमीटर आहे आणि कापड अर्धा मिलिमीटर जाड आहे असं धरू. नेफ्यात ते दुहेरी होतं, म्हणजे एक मिलिमीटर. हे सगळं कापड एकही फट न ठेवता गोळा झालं तरी त्याचा गठ्ठा सुमारे 28 मिलिमीटर व्यासाचा होतो. त्याहून लहान ते होऊच शकत नाही. कापड दुप्पट जाड घेतलं तर गठ्ठा 39 मिलिमीटरचा होतो, शिवाय जाड कापडाच्या चुण्या ताठ, त्यामुळे मधल्या फटी वाढतात. जाडजूड कॅनव्हासची पिशवी दिसायला दणकट असली तरी नाडीनं मिटत नाही ती यामुळे. पातळ मांजरपाट इथे भारी ठरतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वाद्यांच्या कापडी गवसणीचा विचार करा. भोपळा आत जाईल इतकं तोंड रुंद हवं आणि तेच आवळून लहानही व्हायला हवं. मऊ कापड आणि नाडी हेच तिथे जमतं, आणि पॉलिशवर ओरखडा काढील असा धातूही जवळ येत नाही.

आता पोत्याकडे वळू, कारण सांगलीत पिशवी म्हणजे आधी पोतं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पोत्याचं तोंड पूर्वी दाभण आणि सुतळीनं शिवत, अजूनही पुष्कळ ठिकाणी शिवतात. साखर कारखान्यांत, मग तो रेठऱ्याचा कृष्णा असो, साखराळ्याचा राजारामबापू असो की सांगलीचा वसंतदादा, 50 किलोच्या पोत्यांचं तोंड मशीन क्षणात शिवतं. ही शिवण साखळीची असते. प्रत्येक फास पुढच्या फासानं अडवलेला, आणि शेवटचा फास मोकळा सुटू नये म्हणून मागे सोडलेलं दोऱ्याचं शेपूट. शिवण जिथे संपली त्या टोकाचा दोरा मोकळा करून ओढला की सगळी ओळ सर्रकन उसवते. जिथे सुरू झाली तिथून ओढलं तर दोरा आणखी आवळतो, मग माणूस चिडून विळा लावतो आणि पोतं फाटतं. किराणा दुकानातला जुना नोकर पोत्याच्या दोन्ही बाजू पाहतो. एकीकडे साधे टाके दिसतात, दुसरीकडे फासांची साखळी. फास कुणीकडे तोंड करून आहेत यावरून तो बरोबर टोक ओळखतो. प्रवासात कधीच न सुटणारं आणि हवं तेव्हा एका ओढीत सुटणारं, एवढ्या स्वस्तात इतकं चोख काम करणारं तोंड मला दुसरं माहीत नाही. एकच उणीव: ते एकदा उघडलं की संपलं.

धान्य कीड न लागता ठेवायचं तर तोंड हवाबंद लागतं. तिथेही यंत्र फारसं पुढे गेलेलं नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं आफ्रिकेतल्या चवळीच्या साठवणुकीसाठी तिहेरी पिशवी विकसित केली. आत प्लास्टिकची दोन अस्तरं, बाहेर विणलेलं पोतं. हवा कोंडली की किडे आतला प्राणवायू संपवतात आणि त्यांची वाढ थांबते. या पिशवीचं तोंड कसं बंद करतात? प्रत्येक अस्तर वेगळं पिळायचं, पीळ दुमडायचा आणि सुतळीनं आवळून बांधायचा. पीळ हवेची वाट लांबवतो, दुमड ती मोडते. हरिपूरच्या हळदीच्या पेवांनी हेच काम जमिनीखाली केलं. खोल खड्डा, वर लहान तोंड, आणि ते तोंड लिंपून बंद. 2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि त्यातली कितीतरी निकामी झाली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं तेव्हा या पेवांची आठवण निघाली, पण साठवण एव्हाना बरीचशी शीतगृहात गेली होती.

चेनबद्दल थोडक्यात. व्हिटकॉम्ब जडसन यांचं पेटंट 1893 चं, पण भरवशाची चेन गिडिऑन सुंडबॅक यांनी 1913 च्या सुमारास बनवली. पर्सला ती छानच आहे. बाजाराच्या पिशवीला नाही. हळद, पीठ, माती दातांत जाऊन बसते. चेन बिघडते तेव्हाही दोष बहुधा दातांचा नसतो, रनरचे जबडे झिजून फाकलेले असतात. पकडीनं ते हलकेच दाबले की जुनी चेन पुष्कळदा पुन्हा चालते, नवी बसवायची घाई करू नका. वेल्क्रो साडीचे धागे ओढतं, जरीचा तर घातच करतं. टिचबटण एकाच ठिकाणी धरतं, दोन्हीकडे फट राहते.

छोट्या पर्ससाठी मात्र एक युक्ती मला फार आवडते. सुताराच्या जुन्या स्टीलच्या टेपचे दोन सारखे तुकडे कापायचे, पर्सच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या नेफ्यांत एकेक घालायचा. टेपला आडवा हलका बाक असतो, त्यामुळे ती ताठ राहते आणि पर्स मिटलेली राहते. मधोमध धरून दोन्ही बाजू फाकवल्या की बाक मोडतो, पट्टी वाकते, तोंड उघडतं. सोडलं की पट्टी टक्कन सरळ होते. खोलगट बाजू आत ठेवली की बाहेर, यावर उघडायला लागणारा जोर बदलतो, म्हणून शिवण्याआधी दोन्ही करून पाहावं. कापलेले कोपरे गोल करून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणं अत्यावश्यक, नाहीतर आठवड्यात कापड फाटेल आणि बोटही कापेल. एका हातानं उघडते, त्यामुळे संधिवातानं बोटं आखडलेल्या माणसाला ती चेनपेक्षा सोयीची पडते. भंगारातल्या एका टेपमधून कित्येक पर्सेस होतात.

या सगळ्याचा बचत गटांशी थेट संबंध आहे. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत शिलाई मशीन हे बायकांच्या हातातलं कमाईचं साधन आहे. चेन लावायला मशीनचा वेगळा पाय लागतो, सराव लागतो आणि चेन बाहेरून विकत आणावी लागते. नेफ्याला सरळ शिलाई पुरते. नाडी गावात मिळते आणि सेफ्टी पिनेनं ओवता येते. कर 5 टक्क्यांवर आल्याचा फायदा गटापर्यंत पोहोचवायचा असेल तर मागणीपत्रातच तोंडाचं वर्णन यायला हवं. नगरपालिका, बँका, पतसंस्था, लग्नघरं आज मागणी देतात ती आकार आणि छपाई सांगून, आणि सर्वांत कमी दराची पिशवी घेतात. तोंड न सांगितल्यामुळे शिवणारी ते गाळते, तिचा त्यात दोष नाही.

मी मागणीपत्र लिहिलं तर असं लिहीन: पातळ धुवट मांजरपाट, तोंडाचा घेर 60 ते 70 सेंटिमीटर, काठापासून चार सेंटिमीटर खाली नेफा, समोरासमोर दोन भोकं आणि प्रत्येक भोकाला आतून कापडाचा तुकडा जोडून बळकटी. विणलेल्या सुती नाड्या दोन, प्रत्येकीची लांबी घेराहून 60 सेंटिमीटर जास्त, म्हणजे टोकांची गाठ मारली की हातात धरायला किंवा खांद्याला अडकवायला तीच पुरते. वेगळे बंद लावूच नयेत, त्यात वाचलेलं कापड नेफ्याला जातं आणि खर्च जवळपास तेवढाच राहतो. नमुना पसंत करताना पिशवीत दोन किलो बटाटे भरावेत, नाड्या ओढाव्यात आणि पिशवी उलटी करून हलवावी. एक जरी बटाटा बाहेर पडला तरी नमुना परत करावा.