उचल घेतली म्हणून माणूस बांधला जात नाही

दिवाळीच्या आगेमागे आखाडा बाळापूरच्या आसपासच्या तांड्या-वस्त्यांवर ट्रक लागतात. चूल, पीठ, लेकरं घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. सोबत जातात काही समजुती, आणि मुकादमाचा धाक टिकतो तो त्यांच्याच जोरावर.

सगळ्यांत घातक समजूत ही: उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, कायदाच तसा आहे. कायदा नेमका उलटा आहे. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने आगाऊ पैशांपोटी कुणाला कामावर डांबणं गुन्हा ठरवलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. पैसे येणं असेल तर मुकादमाने दिवाणी कोर्टात जावं. माणूस, त्याची बायको, लेकरू, बैल यांतलं काहीही तो अडकवून ठेवू शकत नाही. वेठबिगारी सिद्ध झाली तर ते कर्जही बुडतं. कोऱ्या बाँडवर अंगठा दिला असला, तरी वेठीचा करार कायद्यापुढे रद्दच. तक्रारीची चौकशी करणं हे जिल्हाधिकाऱ्यांचं काम आहे.

‘परमुलखात आपलं कोण ऐकतं?’ असंही म्हणतात. गुन्हा सांगली-बेळगावकडे घडला, तरी मागे राहिलेले नातेवाईक बाळापूरच्या पोलीस ठाण्यात तो ‘झिरो एफआयआर’ म्हणून नोंदवू शकतात. रेशनकार्डही आता कर्नाटकात चालतं.

आणखी एक समजूत: भाव कारखानदार ठरवतात, आपल्या ओरडण्याने काय होणार? तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या बोलणीतून ठरतो, आणि कोयता बंद ठेवण्याची ताकद नसती तर ही बोलणी झालीच नसती. 2020 च्या संपानंतर सरासरी 14 टक्के वाढ मिळाली. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के मिळाली. टनाचा दर सुमारे 273 रुपयांवरून 366 च्या घरात गेला. मुकादमाचं कमिशन 19 वरून 20 टक्के झालं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनामागे 10 रुपये द्यायचे आणि सरकारने तितकीच भर घालायची, असं ठरलेलं आहे. ही खैरात नव्हे, हक्काचा पैसा आहे. त्यासाठी लागणारं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून मागून घ्यावं.

राहिली बाई. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पण उचल आणि हिशेब दोन्ही नवऱ्याच्या नावावर, म्हणून ती ‘मदतीला’ जाते असं घरचेही समजतात. पहाटे भाकरी थापून ती फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रकपर्यंत नेते. ती अर्धा कोयता आहे. एक दिवस खाडा झाला की दंड उचलीवर चढतो, म्हणून पाळीतही सुट्टी नाही. याची किंमत शरीर मोजतं: नीलम गोऱ्हे समितीने 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती घेतली. 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बायकांची मजुरी त्यांच्याच खात्यात जमा व्हावी ही मागणी संघटनांनी पुढच्या करारात पहिल्या ओळीत घ्यायला हवी, आणि बोलणीच्या टेबलाशी तोडणी करणारी बाई बसलेली हवी.