काच आणि कार्ड यांतील अंतर

ट्रेडिंग कार्ड म्हणजे पत्त्याएवढा, दोन्ही बाजूंनी छापलेला जाड कागदाचा तुकडा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटची पाकिटे चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठा घालत आणि त्यावर बेसबॉल खेळाडूंची चित्रे छापत. सिगारेट ओढून संपे, पुठ्ठा मात्र जपला जाई. पुढे सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली. १९९३ मध्ये ‘मॅजिक’ आणि १९९६ मध्ये जपानात ‘पोकेमॉन’ हे कार्डांचे खेळ आल्यावर कार्डे केवळ जमवण्याची राहिली नाहीत, खेळण्याचीही झाली. भारतात नव्वदच्या दशकात शाळकरी मुलांच्या खिशात कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे आणि बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डे असत. त्या पिढीतल्या अनेकांच्या माळ्यावर बुटांच्या खोक्यात ती अजून सापडतात.

असा संग्रह संगणकावर आणण्याची कारणे निरनिराळी असतात. कोणाला यादी हवी असते, कोणाला विक्रीसाठी किंवा विम्यासाठी कार्डाची आजची स्थिती नोंदवून ठेवायची असते, तर कोणाला कार्डांना वारंवार हात न लावता ती पाहायची असतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८८७ ते १९१४ या काळातली सुमारे २,१०० बेसबॉल कार्डे अशीच सर्वांसाठी खुली केली आहेत. घरच्या संग्राहकाजवळ ग्रंथालयाची यंत्रसामग्री नसते, आणि तिची गरजही नसते. गरज असते ती योग्य प्रकारचा स्कॅनर निवडण्याची, आणि तिथेच बहुतेकांची नजर चुकीच्या आकड्यावर जाते.

हा आकडा म्हणजे डीपीआय, एका इंचात स्कॅनर किती बिंदू टिपतो त्याचे माप. खोक्यावर ४८०० किंवा ६४०० असे ठळक छापलेले असते. कार्डांना त्यातले फारच थोडे लागते. सर्वसाधारण ट्रेडिंग कार्ड अडीच इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच असते. ३०० डीपीआयला त्याचे चित्र ७५० गुणिले १,०५० बिंदूंचे होते, ६०० ला १,५०० गुणिले २,१०० आणि १२०० ला ३,००० गुणिले ४,२०० बिंदूंचे. पडद्यावर पाहायला ३०० पुरते, पण एक अडचण येते. ऑफसेट छपाईतले रंग प्रत्यक्षात बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात, चांगल्या छपाईत इंचाला साधारण १५० ते १७५. या रांगा आणि स्कॅनरचे बिंदू जवळपास जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत, तेव्हा चित्रावर जाळीदार लहरी उमटतात. त्यांना मॉइरे म्हणतात. ६०० वर स्कॅन करून चित्र नंतर लहान केले तर त्या बहुतेक नाहीशा होतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘डीस्क्रीन’ नावाचीही सोय असते. तिने लहरी जातात, पण ठिपकेही पुसट होतात. अस्सल कार्ड आणि घरच्या प्रिंटरवर काढलेली नक्कल यांतला फरक पुष्कळदा या ठिपक्यांच्या रचनेवरूनच कळतो. म्हणून महागड्या कार्डांसाठी ही सोय बंद ठेवून १२०० वर जावे. त्यापुढे फक्त फाइल फुगते.

ती किती फुगते, हेही पाहावे. दाबून लहान न केलेले एका बाजूचे चित्र ६०० डीपीआयला साडेनऊ एमबीच्या आसपास जाते. हजार कार्डांच्या दोन्ही बाजू धरल्या तर १९ जीबी, आणि १२०० डीपीआयला त्याच्या चौपट.

खरा निर्णय असतो सेन्सरचा. बाजारातले बहुतेक सपाट काचेचे, म्हणजे फ्लॅटबेड, स्कॅनर दोन जातींचे आहेत. सीआयएस प्रकारात पानाच्या रुंदीची सेन्सरची पट्टी काचेला जवळजवळ चिकटून सरकते. त्यामुळे यंत्र पातळ, हलके आणि स्वस्त होते. कॅननचे ‘लाइड’ मालिकेतले स्कॅनर किंवा एप्सनचा ‘परफेक्शन व्ही३९’ या जातीचे आहेत. सीसीडी प्रकारात आरसे आणि भिंग यांतून प्रतिमा लहान करून सेन्सरवर पाडली जाते. एप्सनचा जाडजूड ‘परफेक्शन व्ही६००’ हे त्याचे परिचित उदाहरण.

काचेवर सपाट टेकलेल्या कार्डासाठी दोन्ही चालतात. काच आणि कार्ड यांच्यात अंतर पडले की फरक दिसतो. सीआयएसची स्पष्टता काचेपासून मिलिमीटरभर अंतरातच विरते. सीसीडीला काही मिलिमीटर उंचीही मानवते. आणि संग्रहातली मोलाची कार्डे काचेला क्वचितच टेकतात. काही टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात असतात. काहींची पीएसएसारख्या कंपनीने श्रेणी ठरवून ती ‘स्लॅब’मध्ये, म्हणजे सीलबंद जाड प्लास्टिकच्या डबीत, घातलेली असतात; डबी फोडली तर श्रेणीची ग्वाहीच संपते. काही कार्डे नुसतीच वाकलेली असतात. चकचकीत फॉइलच्या कार्डांना हा रोग विशेष. कागद हवेतली ओल शोषून फुगतो, फॉइलचा थर तसा फुगत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखे वळते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. झाकण दाबून असे कार्ड सपाट करू पाहणे म्हणजे घडी पाडून घेणे.

तेव्हा संग्रह सगळा सुटा आणि साधा असेल तर पातळ सीआयएस स्कॅनर पुरे. त्यावर जास्त खर्च करू नये. स्लॅब किंवा वाकलेली कार्डे बरीच असतील तर सीसीडीशिवाय समाधान नाही. खोक्यावर जात लिहिलेली नसली तर एक ठोकताळा उपयोगी पडतो: केवळ यूएसबीच्या वायरवर चालणारा पातळ स्कॅनर सीआयएस असतो, वेगळा अडॅप्टर लागणारा जाड स्कॅनर बहुधा सीसीडी. जुना स्कॅनर घेताना मोजपट्टीचे एक टोक काचेला टेकवून दुसऱ्याखाली एक-दोन नाणी ठेवावीत आणि स्कॅन करून आकडे कुठपासून पुसट होतात ते पाहावे. जुन्या यंत्राचे ड्रायव्हर नव्या संगणकावर चालत नाहीत ही तक्रार नेहमीची. व्ह्यूस्कॅनसारखे सॉफ्टवेअर अशा अनेक यंत्रांना पुन्हा कामाला लावते.

वेगाचा प्रश्न वेगळा. ए-४ आकाराच्या काचेवर तीन ओळींत नऊ कार्डे बसतात. हजार कार्डांच्या दोन्ही बाजूंसाठी २२४ स्कॅन होतात, आणि दर वेळी कार्डे मांडायची, उलटायची, उचलायची. शीटफीड स्कॅनर कागद स्वतः ओढून एकाच फेरीत दोन्ही बाजू टिपतो. उदाहरणार्थ, स्कॅनस्नॅप आयएक्स१६०० चा वेग मिनिटाला ४० पाने सांगितला जातो. ६०० डीपीआयला तो बराच घटतो, तरीही काचेपेक्षा पुष्कळ जास्त असतो. पण इथे कार्ड रबरी रोलरमधून जाते. दहा-वीस रुपयांच्या ढीगभर कार्डांसाठी हे चालेल. फॉइलवर चरे पडण्याचा आणि कोपरे दबण्याचा धोका पत्करून मोलाचे कार्ड त्यात घालणे शहाणपणाचे नाही. प्रिंटरच्या डोक्यावरचा फीडर तर कार्डांसाठी वर्ज्यच, कारण त्यात कागद वळसा घेऊन जातो. शीटफीडच्या सेन्सरवर धुळीचा एक कण बसला तरी पुढच्या प्रत्येक चित्रावर उभी रेघ येते, हेही लक्षात ठेवावे.

होलोग्राम आणि फॉइल यांच्यापुढे सगळेच स्कॅनर थोडेफार हरतात. स्कॅनरचा प्रकाश ठरलेल्या कोनातून येतो. फॉइल तो आरशासारखा भलतीकडे परतवते आणि चमकणारा भाग चित्रात काळपट उतरतो. कार्ड काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन केल्यास कधी कधी सुधारणा होते. चमक दाखवायचीच असेल तर स्टँडवर उभा कॅमेरा आणि बाजूने सरकवता येणारा दिवा बरा. हातात धरलेल्या मोबाइलने यादीपुरते काम भागते, पण कडा तिरप्या येतात, आणि कार्डाची किंमत ठरवताना छपाई मधोमध आहे की नाही हे कडांवरूनच पाहतात.

यंत्र आल्यावर उरते ते हातचे काम. काच सुक्या मऊ कापडाने पुसावी, द्रव थेट काचेवर फवारू नये. पांढऱ्या कडेचे कार्ड पांढऱ्या झाकणाखाली हरवते आणि आपोआप कापणाऱ्या सॉफ्टवेअरला कड सापडत नाही, म्हणून मागे काळा कागद ठेवावा. टॉप्स कंपनीच्या १९७१ च्या मालिकेसारख्या काळ्या कडेच्या कार्डांना मात्र करडा कागद लागतो. सॉफ्टवेअरमधली आपोआप रंग उजळण्याची सोय बंद करावी, नाहीतर पिवळटलेले कार्ड कोरे दिसते आणि विकत घेणाऱ्याशी वाद होतो. मूळ चित्र टिफमध्ये, वापरायची प्रत जेपीईजीमध्ये ठेवावी. फाइलच्या नावात मालिका, वर्ष, कार्ड क्रमांक आणि पुढची की मागची बाजू हे यावे. मागची बाजू टाळू नये. क्रमांक आणि खेळाडूची आकडेवारी बहुधा तिथेच छापलेली असते.