कूलरमधील बुरशी आणि रक्ताची साक्ष

श्वासातून आत गेलेल्या बुरशीविरुद्ध वा सेंद्रिय धुळीविरुद्ध शरीर जी संरक्षक प्रथिने तयार करते, ती प्रतिपिंडे रक्तजलात मोजून फुप्फुसाच्या अ‍ॅलर्जीचा माग काढता येतो. मात्र रायपुरात अशा अहवालाचा अर्थ जपून लावावा लागतो, कारण भातगिरण्यांची धूळ, ओलावलेला पेंढा आणि उन्हाळाभर घरोघरी चालणारे गवती जाळीचे कूलर यांमुळे बुरशीशी संबंध न आलेला माणूस येथे विरळाच.

प्रतिपिंडांचे दोन वर्ग या तपासणीत मोजले जातात. त्यांपैकी आयजीई हा वर्ग झटपट उमटणाऱ्या अ‍ॅलर्जीशी निगडित असून, दमेकऱ्याच्या श्वासनलिकांत अ‍ॅस्परजिलस बुरशीने ठाण मांडल्यावर होणाऱ्या ‘एबीपीए’ या विकारात तो कमालीचा वाढतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एकूण आयजीईची मर्यादा मिलिलिटरमागे १००० एकके होती, ती २०२४ मध्ये ५०० वर आणली गेली. एक्स-रेवरील डाग पाहून अशा रुग्णाला क्षयाची औषधे सुरू होण्याचे प्रकार भारतात नवे नाहीत, त्यामुळे येथे ही साधी रक्ततपासणी फार मोलाची ठरते.

आयजीजी या दुसऱ्या वर्गाची साक्ष इतकी सरळ नसते. वायुकोश व त्यांभोवतालच्या ऊतींना सूज आणणाऱ्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस या विकारात तो तपासतात. भारतातील १०८४ रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत फुप्फुसाच्या ऊतींचे विकार असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार आढळला, आणि त्यांतील जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध आला होता. आयजीजी शोधण्यासाठी पूर्वी आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या थरातील दोन खळग्यांत रक्तजल आणि बुरशीचा अर्क ठेवीत. दोन्ही झिरपत एकमेकांना भेटल्यावर उमटणारी पांढरी रेषा हाच पुरावा मानला जाई. आता एलायझासारख्या पद्धतींनी आकडा मिळतो, पण अडचण तीच आहे: धुळीत वावरणाऱ्या धडधाकट शेतकऱ्याच्या रक्तातही ही प्रतिपिंडे सापडतात, म्हणजे ती संपर्क सिद्ध करतात, आजार नव्हे. उलट, ज्या बुरशीने त्रास होतो तिचा अर्क तपासणीत नसेल, तर अहवाल निर्दोष येऊनही रुग्णाची धाप कायम राहते.

म्हणून रुग्णाने रक्त देण्याआधीच डॉक्टरांना कूलरची जाळी कधी बदलली, खिडकीत कबुतरे बसतात का आणि कामाच्या जागी धूळ कशाची उडते, हे सांगावे. कोणता अर्क तपासायचा, हे त्यावरूनच ठरते.