मोजपट्टी आपल्या मुलांच्या मापाची

गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावाच्या परिसरात वाढणारं मूल डोळ्याला ‘डोरा’ म्हणतं आणि पाण्याला ‘पानी’. झाडीबोलीत ळ आणि ण नाहीतच. कुणाच्या घरी पोवारी बोलतात, कुणाच्या घरी गोंडी. असं मूल दुसरी-तिसरीत मागे पडू लागलं, तर ते पुस्तकातल्या मराठीशी अडखळतंय की त्याला खरोखरच वेगळ्या मदतीची गरज आहे, हे गुरुजींनी ओळखायचं कसं?

त्यासाठी चाचणी लागते, आणि ती इथल्या मुलांना विचारून घडवलेली असावी लागते. विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग शोधनिबंध, पीएच.डी. आणि पारितोषिकं अभिमानाने सांगतात, ते योग्यच आहे. पण मराठी मुलखात या शास्त्राने केलेलं सर्वांत टिकाऊ काम म्हणजे या मोजपट्ट्या.

सुरुवात पॅरिसची. शाळेत जादा मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ३० प्रश्न तयार केले. १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी त्यांना अमेरिकी रूप दिलं. मात्र अशा प्रश्नांचं नुसतं भाषांतर करून भागत नाही. एखादा प्रश्न कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना सुटतो, हे शेकडो मुलांना विचारूनच ठरतं. तिकडे सहाव्या वर्षी सुटणारा प्रश्न इकडे आठव्या वर्षाचा ठरू शकतो, किंवा उलटही.

हे किचकट काम व्ही. व्ही. कामत यांनी केलं. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीची त्यांची चाचणी १९३४ ची. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० मध्ये आलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही देशभरातल्या मानसशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे.

पुढचा टप्पा विदर्भातला. नागपुरात बालमार्गदर्शनाचं काम करणाऱ्या डॉ. ए. जे. मॅलिन यांनी डेव्हिड वेक्सलर यांच्या चाचणीला भारतीय रूप दिलं. १९६९ ची ही चाचणी सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. निम्म्याहून अधिक भाग शब्दांचा, उरलेला चित्रं, ठोकळे आणि वाटा शोधण्याचा. त्यामुळे बोलायला बुजणारं मूलही हातांनी उत्तर देऊ शकतं.

मॅलिन यांनी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीही इथल्या मुलांसाठी बेतली. तिच्यात प्रश्न मुलाला नव्हे, आईला विचारतात: हातानं जेवतो का, कपडे आपले आपण घालतो का? बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना हीच श्रेणी वापरावी, असं केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं होतं. म्हणजे त्यानुसार आईबापांच्या हाती पडलेल्या प्रमाणपत्रामागे नागपुरातलं जुनं संशोधन उभं होतं.

पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तिथे डॉ. उषा खिरे यांनी जे. पी. गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांतावर काम केलं. बुद्धी ही एकच वस्तू नसून अनेक क्षमतांचा समूह आहे, हा तो विचार.

तरीही मोजपट्टी चुकू शकते. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना करवत, कुऱ्हाड, हातोडा आणि ओंडका यांतलं वेगळं काय ते विचारलं. अपेक्षित उत्तर ओंडका होतं, कारण बाकी तिन्ही अवजारं. शाळा न पाहिलेले लोक म्हणाले, ओंडका काढायचा नाही. तो नसला तर अवजारांचं काम काय? त्यांनी विचार केलाच होता, फक्त तो रोजच्या कामातून आलेला होता. तलाव, धान आणि जंगल यांच्यात वाढलेलं मूलही असंच उत्तर देईल, आणि गुण मात्र गमावेल.

डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली मन लावून अभ्यासली आहे. ते काम मानसशास्त्राच्या हाती आयतं मिळालेलं आहे. गोंदिया-भंडाऱ्यातून नागपूरला मानसशास्त्र शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना या बोली घरूनच येतात. त्यांनी आपला प्रबंध गावच्या शाळेत बसून लिहावा. झाडीबोली, पोवारी आणि गोंडी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारून निकष बांधावेत. विभागांनी आणि मार्गदर्शकांनी असे विषय आपणहून द्यावेत, आणि आपल्या गौरव समारंभात त्या प्रबंधाला पहिला मान द्यावा.