राजाचे मरण आणि रयतेचे धान्य

सन २०२२ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ वयाची ९६ वर्षे पुरी करून निवर्तल्या. मृत्यू ८ तारखेचा. ११ तारखेस भारत सरकारने एक दिवसाचा दुखवटा पाळला आणि सरकारी इमारतींवरील राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आला. त्या आठवड्यात आमच्याकडील पेठांतून दोन प्रकारची बोलणी ऐकू येत होती. एक पक्ष म्हणे, सत्तर वर्षे गादीवर बसलेली वृद्ध स्त्री गेली, तिच्यापुढे मान लवविण्यात कमीपणा कसला? दुसरा म्हणे, आधी कोहिनूर परत करा, मग शोकाचे पाहू. दोन्ही पक्ष तावातावाने बोलत होते, आणि आमच्या मते दोघांच्याही हातून मुख्य प्रश्न निसटला होता. राजकुलातील वृद्ध मनुष्य मेला असता प्रजाजन हळहळतात ते कशासाठी? गेलेल्या माणसासाठी, त्याच्या गादीसाठी, की त्या गादीच्या कोठारात पडून असलेल्या आपल्याच धान्यासाठी? या प्रश्नाचा खल करण्यास विलायतेस जाण्याचे कारण नाही. शिरूर तालुक्यातील इनामगावास गेले म्हणजे पुरे.

पुण्याच्या पूर्वेस, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. गावाच्या नावातच इनाम आहे. परंतु आम्ही सांगतो ती गोष्ट इनामदारांच्याही पूर्वीची, पेशवे, बहामनी, यादव व सातवाहन या सर्वांच्या पलीकडची आहे. येथील पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी सन १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. अन्सारी ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत येथे शेतकऱ्यांची वसती होती. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष आणि दोनशेंहून अधिक दफने उजेडात आली. मृतांस घराच्या जमिनीखालीच पुरण्याची तेव्हा चाल होती. मूल गेले तर दोन मडकी तोंडास तोंड लावून त्यांत ठेवीत. मोठे माणूस गेले तर त्यास उताणे पुरीत. पण पुरण्यापूर्वी घोट्याखालील पावले तोडीत. मेलेल्याने उठून चालते होऊ नये, अशी त्या लोकांची समजूत असावी, असे अभ्यासक म्हणतात.

या दोनशेंवर दफनांत एक निराळे निघाले. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते; त्याच्या अंगणात चार पाय असलेला, कच्च्या मातीचा मोठा रांजण पुरलेला सापडला. आत चाळिशीच्या घरातील एक पुरुष मांडी घालून बसविलेला होता. त्या काळचे आयुर्मान ध्यानात घेतले तर यास वृद्धच म्हणावे लागेल. आणि त्याची पावले तोडलेली नव्हती! इतरांच्या पायांस जो नियम, तो याच्या पायांस लागू नव्हता. या घरास लागूनच धान्याचे कोठार होते.

हा गावचा प्रमुख असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे. वकिली भाषेत बोलावयाचे तर पुरावा परिस्थितिजन्य आहे. मृताने आपली सनद बरोबर नेलेली नाही. परंतु मोक्याची जागा, सर्वांत मोठे घर, शेजारचे कोठार आणि नियमातून मिळालेली सूट, या कड्या अशा जुळतात की कोणतेही न्यायासन अनुमान मान्य करील. आमच्या दृष्टीने त्यांतील महत्त्वाची कडी कोठाराची होय. त्यात साठविलेले जव, गहू एका कुटुंबाच्या कष्टाचे नव्हते. ते गावाने भरलेले असले पाहिजे. गावाने नदीचे पाणी वळविण्यासाठी बांध घालून पाटही खणला होता, आणि ते काम शेकडो हातांवाचून होत नाही. म्हणजे राजेपणाचा उगम पाहू गेल्यास तो दैवी अंशात सापडत नाही, तो कोठाराच्या दाराशी सापडतो. सर्वांनी पिकविलेले एकाने सांभाळावे आणि अडीनडीस वाटावे, हा मूळ करार. त्याची किल्ली ज्याच्या कमरेस, त्याचे पाय मेल्यावरही शाबूत!

पुढे पाऊस हटत गेला. चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि अखेर गाव ओस पडले. प्रमुखास रांजणात कितीही मानाने बसविला असला तरी त्याने पाऊस आणला नाही.

याच मुलखात, याच घोडनदीच्या आसमंतात, राजाविषयीच्या भाबडेपणाचा दुसरा मासला अगदी अलीकडे, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पाहावयास मिळाला. सन १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांवर हल्ला केला आणि तो वणवा त्या वेळच्या भिमथडी, शिरूर वगैरे तालुक्यांत पसरला. लोकांस मुख्यतः कर्जरोखे हवे होते. ते हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. (आमच्या वाचकांत त्या काळच्या सावकारी घराण्यांचे वंशज असतील, त्यांस आज दोष लावण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.) सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाकडे एक चमत्कारिक वदंता आली. ती अशी की, कोणा इंग्रज साहेबाची मिळकत मारवाड्याने कर्जापायी विकविली. साहेबाने थेट राणीकडे अर्ज केला. आणि सावकारांनी रोखे परत द्यावे असा हुकूम विलायतेहून सुटला आहे! व्हिक्टोरिया राणीने असा हुकूम कधीही काढला नव्हता. परंतु मामलेदार, मुनसफ, सावकार हे सर्व वाईट आणि सर्वांच्या वर बसलेली राणी तेवढी मायाळू, ही समजूत शेतकऱ्याच्या मनात इतकी घट्ट होती की दंगाही त्याने राणीच्याच नावाने केला.

त्यानंतरच्या वर्षी दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे मरत असता, १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरून त्याच राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातसुताच्या जाड्याभरड्या पोशाखात त्या दरबारास हजर राहिले. त्या भरजरी गर्दीत शहाणपणा तेवढ्या एका पोशाखात होता, असे आम्ही म्हणतो. रयतेस जो थोडाबहुत दिलासा मिळाला तो सन १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने. आणि तो कायदा राणीच्या मायाळूपणातून आलेला नसून जाळलेले रोखे व चौकशीचा अहवाल यांतून आला होता. राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा उत्सव ज्या रात्री पुण्यात झाला, त्याच २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अंमलदार रँड याच्यावर चाफेकरांनी गोळी झाडली. सन १९०१ मध्ये राणी ८१ वर्षांची होऊन वारली, तेव्हा सरकारी सुतक सर्वत्र पाळले गेले. पण सुप्याच्या शेतकऱ्याची ती भाबडी राणी निदान पुण्यापुरती तरी तिच्या आधीच वारलेली होती.

येथे कोणी म्हणेल, परक्या राजाचे सोडा; आपले राजे कसे होते ते पाहा. अवश्य पाहू. बडोद्याच्या एकाच गादीवर मल्हारराव बसले व सयाजीरावही बसले. पहिल्यांस गैरकारभाराच्या ठपक्यावरून सन १८७५ मध्ये पदच्युत करण्यात आले. दुसऱ्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, गावोगाव ग्रंथालये उघडली, आणि १९३९ च्या फेब्रुवारीत ते वयाच्या ७५ व्या वर्षी वारले तेव्हा महाराष्ट्रास झालेले दुःख खरे होते. परंतु कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक म्हणून आलेला मुलगा इतका थोर निघाला, हा रयतेच्या नशिबाचा भाग झाला. गादीचा गुण नव्हे. साताऱ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. सन १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, कंपनीने दत्तक नामंजूर केला, आणि एका माणसाच्या मरणासरशी सगळे राज्य खालसा झाले. राजा कधी मरतच नाही, असा इंग्रजी कायद्याचा सिद्धान्त आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केला होता. तो सिद्धान्त साताऱ्यास लागू पडला नाही.

ज्यांच्या मरणाचा विचार आम्हांस सर्वांत उद्बोधक वाटतो ते राजे म्हणजे औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थान लहान, अवघ्या ७२ गावांचे, आणि तीही विखुरलेली. राजे चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते; इंदूरच्या १९३५ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. लक्ष्मणराव किर्लोस्करांस कारखान्यासाठी माळरान त्यांनीच दिले, त्याची किर्लोस्करवाडी झाली. परंतु एवढेच असते तर ते एक गुणग्राही संस्थानिक म्हणून ओळखले गेले असते आणि आम्ही त्यांच्यासाठी इतकी शाई खर्चिली नसती. सन १९३८ च्या अखेरीस, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी आपली सत्ता प्रजेस देऊन टाकण्याचा संकल्प जाहीर केला. पुत्र आप्पासाहेब पंत व पोलंडातून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने घटनेचा खर्डा केला आणि १९३९ च्या जानेवारीत तो कायदा झाला. खाली गावाने निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती, तिच्यावर संस्थानची सभा, अशी रचना ठरली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत निघाली. बेचाळीसच्या चळवळीत प्रतिसरकारच्या माणसांचे ठाणे असलेले कुंडल याच संस्थानातले गाव.

या प्रयोगावर एक आक्षेप घेण्यासारखा आहे व तो आम्ही लपवीत नाही. स्वराज्य राजाने दिले म्हणून मिळाले. राजाच्या मनात नसते तर ७२ गावांनी काय केले असते? शिवाय मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले, तेव्हा ती नवी व्यवस्थाही त्याबरोबर गेली. आक्षेप रास्त आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानराव वयाच्या ८२ व्या वर्षी वारले, तेव्हा आता आपला कारभार कोणाच्या हाती जाणार, ही धास्ती औंधात कोणास वाटण्याचे कारण नव्हते. कोठाराची किल्ली त्यांनी बारा वर्षांपूर्वीच कमरेची काढून दिली होती. लोक हळहळले असतील ते माणसासाठी. त्यांचेच पुत्र आप्पासाहेब पुढे, १९६९ ते १९७२ या काळात, लंडनमध्ये भारतीय प्रजासत्ताकाचे उच्चायुक्त होते. तेथे ते एलिझाबेथ राणींच्या दरबारी गेले ते राजपुत्र म्हणून नव्हे, लोकांचे वकील म्हणून.

आता आजचे पाहू. किताब देण्याची चाल राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने बंद झाली. १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यता दोन्ही गेली. कायद्याच्या दृष्टीने आज या देशात राजा नाही. परंतु फलकावर 'राजे', 'श्रीमंत', 'युवराज' ही अक्षरे मावेनाशी झाली आहेत, आणि जुन्या घराण्यातील, किंवा नव्याने घराणे बनलेल्या पुढाऱ्याच्या घरातील वडील माणूस गेले की तेराव्याच्या आत वारसाचे नाव उमेदवारीसाठी पुढे येते. शोक हेच मतपत्र होऊन बसते. मृताविषयी कडू बोलू नये ही आपली रीत चांगली आहे. पण तिचा फायदा घेऊन जिवंतास पद देणे हे रीतीत कोठे बसते?

व्यापारी बंधूंस या कामी अधिक त्रास होतो, म्हणून त्यांच्यापुरते स्पष्ट लिहितो. कोणा राजवंशीयाने शाळा काढली असेल, तलाव बांधला असेल, दुष्काळात धान्य वाटले असेल, तर त्याच्या मरणाच्या दिवशी दुकान आपखुशीने बंद ठेवावे; आमचा छापखानाही बंद राहील. परंतु बाजार बंद करावयास टोळके फिरू लागले तर त्यास नकार द्यावा, आणि तो एकट्याने न देता व्यापारी मंडळाने ठराव करून द्यावा. शोकसभेचा खर्च नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या तिजोरीतून झाला असेल, तर त्याचा हिशेब पुढील सभेत मागावा. इनामगावच्या कोठाराचा हिशेब कोणी मागितला होता की नाही, हे उत्खननातून निघणे शक्य नाही. आमच्या ग्रामपंचायतीचा हिशेब मागण्याचा हक्क ग्रामसभेस कायद्यानेच दिलेला आहे, आणि त्या सभेची नोटीस चावडीवर लागते.