पान नंबर कुठाय?

शहापूरच्या पाणीटंचाईवरच्या विद्यार्थी-प्रकल्पात एक वाक्य हमखास सापडते : तानसा, वैतरणा, भातसा मुंबईची तहान भागवतात आणि धरणांच्या तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वाक्य खरे आहे. पण शेवटी संदर्भ काय, तर ‘इंटरनेट’. लग्नपत्रिकेवर स्थळ म्हणून नुसते ‘ठाणे जिल्हा’ छापावे, तसे हे झाले. वऱ्हाड पोचायचे कुठे?

संदर्भ म्हणजे पत्ता. वाचणाऱ्याला तुमच्या वाक्यावरून थेट त्या पानावर जाता आले पाहिजे. एक साधी नोंद घेऊ :

परुळेकर, गोदावरी (१९७०). जेव्हा माणूस जागा होतो. मौज प्रकाशन गृह, मुंबई.

सूची अकारविल्हे लागते, म्हणून आडनाव आधी. मग साल, तिरप्या टायपात पुस्तकाचे नाव, शेवटी प्रकाशक. मजकुरात मात्र कंसात आडनाव, साल आणि पृष्ठ एवढेच पुरते. तुमच्या हातातली प्रत नंतरच्या आवृत्तीची असेल, तर साल तिचेच द्या. आवृत्ती बदलली की पानेही सरकतात. संदर्भ देण्याची पद्धत एपीए, एमएलए की तळटिपांची, हे आधी मार्गदर्शकांना विचारून घ्या. मुंबई विद्यापीठाच्या एकाच महाविद्यालयात इतिहासाचे सर तळटिपा मागतात आणि अर्थशास्त्राच्या मॅडम एपीए. दोन्हींची खिचडी तेवढी करू नका.

आपल्या भागावर लिहिताना खरी गंमत गॅझेटियरमध्ये होते. ‘ठाणे गॅझेटियर’ एवढे लिहून भागत नाही. मुंबई इलाख्याचे ठाण्याचे जुने गॅझेटियर १८८२ चे. त्याचा तेरावा खंड दोन भागांत आहे, आणि माहुली किंवा नाणेघाट हवा असेल तर चौदावा खंड उघडावा लागतो, कारण स्थळवर्णने त्यात आहेत. पुढे राज्य सरकारची सुधारित आवृत्ती निघाली १९८२ मध्ये. टाइप करताना एक आकडा चुकला की मुरबाडची भातशेती शंभर वर्षे मागे जाते! म्हणून खंड, भाग, साल, पृष्ठ, चारही हवेत.

जनगणनेतला खड्डा याहून खोल. २०११ च्या जनगणनेतला ‘ठाणे जिल्हा’ आजचा नव्हे. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यामुळे २०११ ची जिल्ह्याची आदिवासी लोकसंख्या उचलली, तर तलासरी, डहाणू, जव्हारही तुमच्या तक्त्यात येऊन बसतात. संदर्भ अगदी बिनचूक लिहिला तरी निष्कर्ष चुकतो. अशा वेळी तालुक्याचे आकडे घ्यावेत. जिल्हा जनगणना पुस्तिकेत शहापूर आणि मुरबाड वेगवेगळे मिळतात. जिल्ह्याचाच आकडा हवा असेल, तर तक्त्याखाली ‘विभाजनापूर्वीचा ठाणे जिल्हा’ ही टीप द्यावी.

कातकरवाडीतल्या आजोबांनी सांगितलेली माहितीही संदर्भच आहे, आणि माझ्या मते प्रकल्पातला सर्वांत मोलाचा. त्यांची परवानगी घ्या, नाव द्यायचे की नाही ते विचारा, गाव आणि तारीख लिहा. एपीएमध्ये अशी मुलाखत सूचीत येत नाही, फक्त मजकुरात कंसात येते.

तळटिपा देणाऱ्यांनी ‘तत्रैव’ जपून वापरावे. त्याचा अर्थ ‘लगेच वरच्याच पुस्तकात’. रात्री अकरा वाजता मध्येच नवी तळटीप घुसवली, की खालचे तत्रैव भलत्याच लेखकाचे होते. मसुदा तयार होईपर्यंत प्रत्येक टिपेत लेखकाचे नाव लिहावे. तत्रैव शेवटच्या वाचनात.

आता टायपिंग. डीटीपीवाल्याला आधीच सांगा : युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीची अगम्य चिन्हे होतात, आणि वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ती वाचता येत नाहीत. प्रबंध-लघुप्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला त्यात दंड नाही. नीट श्रेय दिलेले अवतरण आणि संदर्भसूची मोजणीतून वगळतात. म्हणजे अवतरणचिन्ह आणि पृष्ठ क्रमांक तुमच्याच फायद्याचे. वेलांट्या-उकारांना जागा लागते, म्हणून अक्षर चौदाचे, ओळींत दीडपट अंतर आणि बाइंडिंगसाठी डावा समास दीड इंच ठेवला की बहुतेक ठिकाणी चालते.

सूची संगणकाकडून लावून घेतलीत, तरी एकदा डोळ्यांखालून घाला. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ला चिकटून आहे. त्यामुळे संगणक कधीकधी काळेंना काशीदांच्या आधी बसवतो. तिथे काळेंना उचलून खाली न्यावे.