जाळीकामाची करवत

फळीच्या कडेला हात न लावता तिच्या पोटातला तुकडा कापून काढायचा म्हटले, की बहुतेक करवती हात टेकतात. बँड सॉचे पाते म्हणजे अखंड वळे. ते आत न्यायचे तर कड कापूनच न्यावे लागते. गोल पात्याच्या करवतीला वळण ठाऊकच नाही. जिग सॉ भोकातून आत उतरते खरी, पण तिचे पाते रुंद आणि एकाच टोकाला धरलेले. अरुंद वळणावर वरची रेष नीट येते, खालची भलतीकडे जाते. स्क्रोल सॉचे पाते जेमतेम एक मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकांना ताणून बसवलेले आणि वरचे टोक सोडता येण्याजोगे असते. फळीला बारीक भोक पाडायचे, पाते त्यातून ओवायचे, टोक पुन्हा आवळायचे आणि आतला आकार कापायचा. मग टोक सोडून पुढच्या भोकाकडे जायचे.

देवघराच्या साध्या जाळीत साठ भोके असली, तर हा सोड-बांधीचा प्रकार साठ वेळा होतो. मशीन कोणते घ्यावे, पाते कोणते लावावे, देखभाल कशाची करावी, या सगळ्याच्या मुळाशी हीच साठ वेळांची गोष्ट आहे. जाहिरातीत मात्र ठळक छापलेले असतात ते वेगाचे आकडे.

ही करवत जुनी आहे. लाकडी फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापण्याचा उद्योग लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६०च्या दशकात केला आणि जोडकोड्यांचा धंदा सुरू झाला. तेव्हा हातातली चौकटीची बारीक करवत वापरात होती. पुढे एकोणिसाव्या शतकात पायाने चालवायच्या करवती आल्या आणि युरोप-अमेरिकेत घरोघरी जाळीकामाचे वेड पसरले. इंग्लंडमधल्या डेरेहॅम गावच्या ‘हॉबीज’ या कंपनीने तर १८९५पासून त्यासाठी साप्ताहिकच चालवले. आजच्या विजेच्या मशीनमध्ये पायाची जागा मोटरने घेतली आहे, बाकी रचना तीच. आपल्याकडे २०१८मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीची मखरे प्लायवूड, एमडीएफ आणि पुठ्ठ्याकडे वळली. त्यातली बहुतेक लेझरवर कापली जातात. लेझर झटपट कापतो, पण कड काळी जळकी ठेवतो आणि घरगुती लेझर १८ मिलिमीटरच्या सागापुढे दमतो. त्या सागात स्क्रोल सॉ सावकाश का होईना, स्वच्छ कापत जाते.

मशीन निवडताना आधी पाहायचा तो क्लॅम्प. पाती दोन जातींची मिळतात. एकीच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, दुसरीची टोके सपाट असतात. पिनचे पाते खाचेत अडकवायला सोपे, पण पिन जाण्यासाठी पाच-सहा मिलिमीटरचे भोक लागते. मोराच्या पिसाऱ्यातला डोळाच मुळी तेवढा असतो. सपाट टोकाचे पाते दीड मिलिमीटरच्या भोकातून जाते, अगदी बारीक पाते त्याहूनही लहान भोकातून. त्यामुळे फक्त पिनची पाती घेणारे मशीन स्वस्त पडले तरी ते जाळीकामासाठी घेऊ नये. सपाट पाते बोटांनी फिरवायच्या खटक्याने आवळता येते की दर वेळी ॲलन की शोधावी लागते, हे दुकानात उभे राहून स्वतः करून पाहावे. साठ भोकांच्या जाळीत ॲलन की दर भोकाला दोनदा हातात घ्यावी लागते.

दुसरी बाब थरथर. स्वस्त मशीनमध्ये वरची आणि खालची अशा दोन लांब भुजा मागच्या बिजागरीवर एकत्र वर-खाली होतात. महाग मशीनमध्ये लांब भुजा जवळजवळ स्थिर राहतात आणि पुढच्या आखूड भुजा तेवढ्या हलतात. हलणारे वजन कमी, म्हणून थरथरही कमी. दोन्हींत पाते बऱ्यापैकी उभेच राहते. जुन्या ‘सी’ आकाराच्या अखंड भुजेत मात्र ते किंचित पुढे-मागे झुकते. कापणे त्याने जोरकस होते, पण तीक्ष्ण कोपऱ्याची शिस्त बिघडते. थरथर तपासायला मशीन चालू करून टेबलावर नाणे उभे करतात. ते उभे राहिले तर उत्तमच, पण पडले म्हणून मशीन लगेच नाकारू नये. भक्कम बाकड्याला नटबोल्टने आवळून खाली रबराची जाड चटई घातली, की अर्धी तक्रार मिटते.

पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर हे मशीनचे माप. १६ इंची मशीनवर पात्यापासून ४० सेंटिमीटरपर्यंत पोचणारी फळी पूर्ण गोल फिरवता येते आणि घरगुती कामाला ते बहुधा पुरते. वेग कमी-जास्त करण्याची सोय मात्र हवीच. अमेरिकेत गाजलेले डिवॉल्टचे डीडब्ल्यू ७८८ हे २० इंची मशीन मिनिटाला ४०० ते १७५० वेळा वर-खाली होते. पितळेचा पत्रा किंवा ॲक्रिलिक कापताना खालचा आकडा कामाचा, साग कापताना वरचा. ते मशीन तिकडच्या १२० व्होल्टचे आहे. भाचा तिकडून येताना घेऊन येणार असेल, तर पंचवीस किलो वजन विमानाच्या एका बॅगेत बसत नाही आणि इथे ट्रान्सफॉर्मरही लागतो, हे त्याला आधी सांगावे. साध्या इंडक्शन मोटरच्या अमेरिकी मशीनची आणखी एक गोम आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० हर्ट्झची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर साधारण सहाव्या हिश्शाने मंद चालते.

पात्यांची लांबी ठरलेली असते, पाच इंच. जाडी-रुंदी आकड्यांनी ओळखतात. २/० हे केसासारखे, १२ नंबर दांडगे. ५ नंबरचे पाते साधारण एक मिलिमीटर रुंद, ०.४ मिलिमीटर जाड आणि इंचाला बाराएक दाते असलेले. १८ मिलिमीटरच्या सागाला ते बरोबर बसते. सहा मिलिमीटरच्या प्लायला २ किंवा ३ नंबर, इंचभर शिसवाला ७ किंवा ९. फळीच्या जाडीत कोणत्याही क्षणी किमान तीन दाते असले पाहिजेत, नाहीतर पाते फळीला धरून उचलते. पातळ पत्री लाकूड कापायचे तर तीन-चार थर टेपने एकत्र बांधून एकदम कापावे; पत्री फुटत नाही आणि चार नग एकाच मेहनतीत होतात.

काही पात्यांचे खालचे पाच-सहा दाते उलट्या दिशेचे असतात. ते वर जाताना फळीची खालची बाजू कापतात आणि प्लायच्या पाठीवर चिरफळ्या उडत नाहीत. भुजा सर्वांत वर असताना त्यातले दोन-तीन दाते टेबलाच्या वर दिसतील असे पाते बसवावे लागते; कमी दिसले तर पैसे वाया, जास्त दिसले तर फळी उचलली जाते. पीळ घातलेले गोल पाते कोणत्याही दिशेने कापते. फळी न फिरवता चेहरे, केसांच्या बटा कापणाऱ्यांना ते आवडते, पण कड खरखरीत येते आणि सरळ रेष त्याला जमत नाही. नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

पाती झिजतात, आणि सागात तर फारच लवकर. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे पाते एका परीने वाळूतूनच चाललेले असते. प्लायमधला डिंकही तसाच वैरी. फळी ढकलावी लागते, पाते मागे धनुष्यासारखे वाकते किंवा कडेला तपकिरी डाग पडतात, तेव्हा पाते बदलायचे. पाते तुटेपर्यंत वापरण्याची काटकसर शेवटी लाकडाच्या जिवावर उठते.

कापण्याआधी फळीवर रुंद कागदी टेप लावून त्यावर नक्षीचा कागद डिंकाने चिकटवतात. काम झाल्यावर टेप ओढली की कागदही निघतो. शिसवासारख्या कठीण लाकडात कड जळू लागली, तर नक्षीवर पारदर्शक पॅकिंग टेपचा एक थर द्यावा. टेपमुळे पात्याला वंगणासारखा गुळगुळीतपणा मिळतो. ॲक्रिलिकलाही हाच उपाय, नाहीतर वितळलेली खाच मागोमाग पुन्हा जुळून बसते.

ताण पुरेसा आहे की नाही हे कानाला कळते. पात्याला बोटाने छेडले तर तंबोऱ्याच्या जव्हारीसारखा घुमारा नको, स्वच्छ उंच टणत्कार हवा. बाजूने बोट दाबले तर पाते दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. सैल पात्याने कापलेल्या गोलाची कड उभी येत नाही, पिंपासारखी फुगते.

शिलाई मशीनवर कापड फिरवावे तशी फळी दोन्ही हातांनी फिरवायची असते. फरक एवढाच, की इथे ती पुढे ओढायला कोणी नाही. हाताचा दाब हलका ठेवून पात्याला कापायला वेळ द्यावा लागतो. नवख्याला पहिल्याच दिवशी एक विचित्र गोष्ट जाणवते. सरळ रेषेवर फळी सरळ ढकलली तरी पाते उजवीकडे जाते. दोष हाताचा नसतो. दाते पाडताना पात्याच्या उजव्या बाजूला बारीक कंगोरा राहतो आणि ती बाजू जास्त कापते. फळी चार-पाच अंश तिरपी धरून ढकलली की रेष सापडते, आणि तासाभरात हात ते आपोआप करू लागतो. पानाच्या टोकासारख्या तीक्ष्ण कोपऱ्यात पोचल्यावर केसभर मागे यायचे, फळी पात्याच्या दाते नसलेल्या पाठीवर टेकवायची आणि चटकन फिरवायची. पाठ कापत नाही, त्यामुळे कोपरा शाबूत राहतो.

टेबल कलते करून होणारे एक काम पाहण्यासारखे आहे. शिसव आणि शिवण अशा दोन सहा मिलिमीटरच्या फळ्या एकावर एक ठेवून एकाच वेळी फूल कापले, तर वरचे फूल खालच्या भोकात बसते, पण भोवती पात्याच्या जाडीएवढी फट राहते. टेबल थोडे कलते ठेवले, तर फूल शंकूसारखे निमुळते कापले जाते आणि खाली उतरत घट्ट बसते. कल किती, ते हिशेबाने निघते. खाच ०.४ मिलिमीटर आणि फळी ६ मिलिमीटर, ०.४ भागिले ६ म्हणजे ज्याचा साइन ०.०६७ आहे तो कोन, सुमारे पावणेचार अंश. पाते बदलले की कोनही बदलतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर एक ठिपका कापून पाहतात.

टेबल पात्याशी काटकोनात आहे का, हे मशीनवरच्या अंशांच्या पट्टीवरून ठरवू नये. ती पट्टी बहुधा शोभेची असते. पाच सेंटिमीटर जाडीचा ठोकळा घेऊन त्याला एक-दोन मिलिमीटर खोल खाच पाडावी. मशीन बंद करून ठोकळा अर्धा वळसा फिरवावा आणि तीच खाच पात्याच्या मागून त्याला भिडवावी. पाते खाचेत वरपासून खालपर्यंत सहज बसले तर टेबल काटकोनात आहे. वर बसून खाली अडले, तर जितका फरक दिसतो त्याच्या निम्मा दोष टेबलाचा.

पाते क्लॅम्पमधून वारंवार सुटू लागले, तर बोल्ट आणखी आवळण्याआधी दोन ठिकाणी पाहावे. नव्या पात्याच्या टोकांना गंज न लागण्यासाठी तेल लावलेले असते. बारीक पॉलिश पेपरने टोके पुसली की पकड येते. बोल्टचे टोकही घासून आरशासारखे होते, त्यालाही तोच पेपर. पान्याने जोर लावून आवळले तर आटे जातात.

बिजागऱ्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब अधूनमधून पुरतो. जास्त तेलात भुसा मिसळून लापशी होते. बंद बेअरिंग असतील तर त्यांना तेल देऊ नये. बिडाचे टेबल कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात आठवड्यात तांबूस पडते. त्यावर मेणबत्तीचे मेण चोळून फडक्याने घासावे. गंजही थांबतो आणि फळीही सरकते. गाडीचे पॉलिश वापरू नये, कारण त्यातला सिलिकॉन लाकडाला लागला तर पुढे वॉर्निश तिथे धरत नाही. पाती तेलाच्या बोटाने पुसून काचेच्या उभ्या नळ्यांत, नंबराच्या चिठ्ठ्या लावून ठेवतात.

मशीनवरची फुंकणी रेषेवरचा भुसा उडवते, म्हणजे तो थेट कापणाऱ्याच्या नाकाकडे पाठवते. शिसवाची धूळ बऱ्याच जणांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते. टेबलाखाली व्हॅक्यूम क्लीनरची नळी बांधावी, तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा. पाते तुटून उडाले, तर तुकडा सहसा दूर जात नाही, पण वरच्या भुजेत राहिलेला अर्धा भाग मशीन थांबेपर्यंत सुईसारखा वर-खाली होत असतो. पायाने दाबायचा स्विच याच कारणासाठी घ्यावा.